दत्तोबाचा डावा हात

जळोचीच्या ओढ्यात पाणी असून असून किती असणार? चैत्रातलं पाणी ते. पाटाच्या पाझराचं, घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली. गावच्या म्हशीसुद्धा त्यात बसायला राजी नसत. पण त्या दिवशी आबासाहेबांची मोटार त्यात बसली, आणि मोटारीत त्यांचे इंदापूरचे व्याही बसलेले होते.

मोटार दत्तोबा चालवत होता. ओढा ओलांडून ती पलीकडच्या चढाला लागली, निम्म्यावर जाऊन धापा टाकायला लागली, तेव्हा त्यानं गेरचा दांडा पहिल्यात ओढला. म्हणजे त्याला तसं वाटलं. दांडा गेला खरा, पण आत कशालाच भिडला नाही. संक्रांतीपासून त्याचं हेच चाललं होतं. रिकाम्या डेऱ्यातल्या रवीसारखा तो नुसता इकडून तिकडं फिरायचा, लागला तर लागला. दत्तोबानं पुन्हा ओढला, पुन्हा ढकलला. ब्रेक पाण्यानं भिजलेला, तो काय धरतोय! मोटार मागं सरकायला लागली, सरकता सरकता पळायला लागली, आणि धप्पकन पाण्यात जाऊन थांबली.

"पाय वर घ्या, वैनीसाहेब," दत्तोबा म्हणाला. व्याहीण द्वारकाबाईंनी पाय कधीच वर घेतले होते. लुगड्याचा जरीचा काठ मात्र चिखलात गेला होता.

व्याही सर्जेराव मोठ्यांदा हसले. "आबासाहेब, गाडी झकास हाय तुमची! म्होरं बी जाती, मागं बी जाती. आमच्याकडची समदी आपली निस्ती म्होरंच जात्यात."

आबासाहेब हसले नाहीत. ते जळोचीतले मोठे बागाईतदार. कालव्यावरचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची ही मोटार त्यांनी हौसेनं घेतली होती. सगळ्या पंचक्रोशीत अशी दुसरी नव्हती. त्यांनी काठावरच्या एका गड्याला एवढंच सांगितलं, "गेणबाला म्हणावं, बैलं घेऊन ये."

गेणबा म्हणजे दत्तोबाचाच बाप, त्याचा तात्या.

गेणबानं आबासाहेबांच्या घरी गाडी हाकण्यातच केस पांढरे केले होते. मोटार आली तरी चंद्या आणि पाखऱ्या ही खिलारी जोडी आबासाहेबांनी मोडली नव्हती, ती मोटारीचा भरवसा नाही म्हणूनच. गेणबा आला. जाड दोराचा सोल मोटारीच्या पुढच्या कण्याला बांधला, बैलांच्या पाठीवर थाप मारली, आणि एका हाकेत मोटार चिखलातून बाहेर काढली. पोराकडं त्यानं मान वर करून बघितलं नाही. दत्तोबाला चाक धरून बसावंच लागलं. पुढं बापाची बैलं, मागं मोटार, आणि दोन्ही बाजूंना झाडून सारं गाव. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यापेक्षा ओढ्यात बुडालो असतो तर बरं, असं त्याला वाटलं. पण तेवढं पाणीही ओढ्यात नव्हतं.

संध्याकाळी आबासाहेबांनी बापलेकाला ओट्यापुढं उभं केलं.

"अखितीला रतनची पाठवणी हाय," ते म्हणाले. रतन त्यांची थोरली लेक. "मोटारीनं पोचवायची म्हणून म्या शब्द दिलाय. तवर दांडा नीट झाला तर चाकावर तू. न्हाय झाला तर पुण्याचा डायवर आणून ठेवणार, कायमचा. तू मग उसाला पाणी धर."

"नीट करतो, मालक."

"बघू. जा तू. गेणबा, तू जरा मागं थांब."

मालक बापाला कशाला थांबवतायत, हे दत्तोबाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्याच्या डोक्यात दांडा घुसला होता.

लोकांना वाटे, दत्तोबाला डायवरच्या खाकी कोटाची मिजास आहे. मिजास होतीच, नाही कशाला म्हणा! पण त्याहून खरी गोष्ट वेगळी होती. बैलगाडीच्या साटीवर तो बसला की मागून गेणबाचा आवाज यायचा: सैल सोड, आवळ, उजवीकडं बघ, झोपलास का? मोटारीच्या चाकावर कुणी काही सांगत नसे. तिथं तो गेणबाचा पोरगा नव्हता, दत्तोबा होता. ती जागा गेली असती तर त्याच्याजवळ स्वतःचं असं काहीच उरलं नसतं.

घरी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली आणि उठला. अंगणात गेला, आत आला, पुन्हा अंगणात गेला.

"बसा की घडीभर," बायको कौसल्या म्हणाली. "आन् ह्यो हात का उघडझाप करतायसा?"

त्यानं खाली बघितलं. डाव्या हाताची मूठ आपोआप वळत होती आणि सुटत होती. कौसल्यानं तो हात धरून पंजा दिव्याकडं फिरवला. मधोमध घट्टा होता, कवडीएवढा, पिवळा.

"बैलांचा कासरा सुटून किती दिस झालं. घट्टा जायाचा तर वाढलाय."

"आसंल," म्हणून त्यानं हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं दांड्याची टोपी खोलली. खाली दांड्याला लाटण्याच्या टोकासारखा गोळा होता, तो एका वाटीत बसून फिरायचा. आणि त्याच्याही खाली दांड्याचं टोक, बोटासारखं, गेरच्या पेटीतल्या खाचांत शिरायचं. गोळा वाटीत खुळखुळत होता. खुळखुळ दिसली की गाडीवान माणूस काय करील? तेच दत्तोबानं केलं. चामड्याचा तुकडा कापला, गोणपाटाची चिंधी एरंडेलाच्या वंगणात भिजवली, आणि बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यात, आसाभोवती, कोंबतात तशी वाटीत ठासून कोंबली. टोपी आवळली. दांडा ताठ उभा राहिला. दत्तोबाची छाती दोन बोटं पुढं आली.

त्या दुपारी तो बारामतीच्या मंडईत भाजीच्या पाट्या पोचवायला गेला. जाताना सगळं गोड होतं. मंडईच्या तोंडाशी चिंधीनं कच खाल्ली, चामडं मुरगाळलं, आणि दांडा दुसऱ्यात रुतला तो रुतलाच. पुढं नाही, मागं नाही. दत्तोबा दोन्ही हातांनी ओढतोय, घामानं कोट पाठीला चिकटलाय, आणि गवारीच्या ढिगामागची बाई विचारतेय, "काय काढताय, मालक, मुळा का?" सगळी मंडई हसली. घरापर्यंत मोटार दुसऱ्यातच रेकत आली. वैशाखाच्या तोंडाचं ऊन, इंजिनाचा जाळ आणि डोक्यातला जाळ, यांत कुठला जास्त होता ते सांगता येणार नाही.

मग मात्र तो मुकाट्यानं सोपान लोहाराकडं गेला.

सोपाननं दांडा उपसून काढला, रॉकेलनं धुतला आणि उन्हात धरून फिरवत राहिला. सोपान फार बोलणारा नव्हता, पण बोलला की टोचेल असंच बोलायचा.

"ह्यो बघ, गोळा एकाच अंगानं झिजलाय. बोट बी त्याच अंगानं. सारखा झिजला आस्ता तर म्हणलो आस्तो, म्हातारा झाला. ह्याला कुणीतरी रेटून धरतंय."

"म्या कशाला रेटू? रस्ताच तसला हाय."

"रस्ता समदीकडनं झिजवतो बाबा," सोपान म्हणाला आणि भात्याकडं वळला. "भाता कोण मारणार?"

भात्याला कौसल्या बसली. बोटाचं झिजलेलं अंग पितळेनं भरून काढायचं होतं. सोपाननं टोक लाल केलं, त्यावर टाकणखार टाकला, पितळेचा तुकडा ठेवला. पितळ वितळलं, चमकलं, आणि थेंब होऊन निखाऱ्यात पडलं. सोपाननं शिवी दिली. पुन्हा लाल केलं. कौसल्याच्या खांद्यातून कळा निघत होत्या, केसांत राख बसली होती, तरी भात्याचा श्वास तिनं तुटू दिला नाही. दत्तोबा दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं, असा ऐरणीभोवती फिरत होता.

"एका जागी ऱ्हा की," सोपान ओरडला. "सावली हालती तुझी."

दुसऱ्यांदा पितळ धरलं. मग शेगड्याच्या जबड्यात आवळून कानशीनं घासणं आलं. घासायचं, पेटीच्या खाचेत घालून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. जरा जास्त घासलं की पुन्हा खुळखुळ, कमी घासलं की पुन्हा मुळा. दत्तोबाची बोटं सोलवटली. वाटीत सोपाननं पितळेची पातळ कडी बसवली आणि जुनी मेलेली स्प्रिंग काढून नवी ताठ स्प्रिंग घातली. अखिती दाराशी आली तेव्हा दांडा जागेवर गेला. दत्तोबानं तो ओढला. आत कुठंतरी खट् झालं. त्यानं ढकलला, आणि पुन्हा खट् झालं. गेले कित्येक दिवस जो आवाज तो झोपेतही शोधत होता तो आवाज होता हा. त्याचे डोळे भरून आले, आणि रॉकेल गेलं म्हणून त्यानं ते कोपरानं पुसले.

"वझं घालून बघा आदी," कौसल्या म्हणाली. "मोकळी काय, ढकलली तरी पळंल."

त्यांनी गुळाच्या ढेपा भरल्या. आणि मग एक नवल झालं. गेणबा आला, धोतराचा सोगा सावरला आणि म्हणाला, "म्या बसतो मागं."

मोटार आल्यापासून गेणबानं तिला हात लावला नव्हता. दत्तोबाला ते आवडलं नाही. पुन्हा मागून तो आवाज येणार, या विचारानंच त्याचे खांदे वर गेले. पण बापाला नको कसं म्हणायचं?

काटेवाडीच्या बाजूला निघाले. धूळ, खड्डे, बाभळींच्या फांद्या. दांडा सांगाल तसा ऐकत होता. गेणबा गप्प होता. इतका वेळ गप्प की दत्तोबाचं चित्त रस्त्यावरून उडालं. शेवटी मागून हात आला आणि त्याच्या डाव्या खांद्यावर पडला.

"कासरा सोड," गेणबा म्हणाला.

"काय?"

"कासरा सोड म्हणतो. बैलं कुटं हायती हितं?"

दत्तोबानं मोटार थांबवली. भांडायच्या तयारीनंच त्यानं मान वळवली, आणि त्याला स्वतःचा हात दिसला. डावी मूठ दांड्याच्या मुठीवर घट्ट वळलेली. नुसती ठेवलेली नव्हे. कोपर ताठ, खांदा झुकलेला, सगळ्या अंगाचा भार त्या एका दांड्यावर. गेर बदलून झालेला, दांड्याचं काम संपलेलं, तरी मूठ तिथंच.

"आसाच बसतुयास सगळा रस्ता," गेणबा म्हणाला. "म्या पाठनं बघतुया."

लहानपणी एकदा दत्तोबानं कासरा सोडला होता आणि बैल पाटाच्या कडेला गेले होते; गाडी उलटायचीच राहिली. त्यानंतर गेणबानं कासऱ्याची गाठ त्याच्या डाव्या मनगटाला मारायला सुरुवात केली. उजव्या हातात आसूड असो, भाकरी असो, काही असो. डावा हात कधी मोकळा सोडायचा नाही. झोप लागली तरी मूठ सुटली नाही पाहिजे. मूठ सुटली की पाठीत धपाटा. तो हात असा शिकला होता की मोटार आली, चाक आलं, कोट आला, तरी त्याला कुणी सुट्टी दिली नव्हती.

"म्याच शिकीवलंय ते," गेणबा म्हणाला. "बैलाला कळतं, हात हाय म्हणून. ह्या लोखंडाला काय कळतंय? सोड."

दत्तोबानं हात उचलला. हात हवेत थांबला. कुठं जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. मांडीवर ठेवला, तिथून उठला. चाकावर ठेवला, तिथून घसरला. परतीच्या वाटेवर गेणबा दर खड्ड्याला म्हणत होता, "आला बघ. आला बघ पुन्यांदा." दावं तुटलेलं वासरू जसं फिरून गोठ्यातच येतं, तसा तो हात दांड्यावर येत होता. एवढं रात्रंदिवस खपून दांडा नीट केला, आणि खोट स्वतःच्याच हातात निघाली! दत्तोबाला स्वतःची चीड आली, आणि सोपानचीही आली, कारण तो खरं बोलला होता.

अखितीच्या सकाळी तो मोटार पुसायला गेला तर गेणबा आधीच तिथं होता. त्यानं कासऱ्याचा हात-दीड हाताचा तुकडा चाकाच्या डाव्या अंगावर गच्च वेटाळला होता आणि शेवटची गाठ दातानं ओढत होता.

"धर हितं," तो म्हणाला.

दत्तोबानं धरलं. मूठ वळली आणि वळूनच राहिली. ओळखीचं घर सापडल्यासारखी ती तिथं थांबली.

कौसल्या तांब्या घेऊन आली होती. तिची नजर कासऱ्यावर गेली. त्यात निळा धागा होता. गेल्या बेंदराला तिनंच तो वळताना घातला होता.

"मामंजी, नव्वा कासरा तोडलासा?"

"त्येचं काम झालं," गेणबा म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

दत्तोबानं ते ऐकलं, पण त्याचा जीव ओढ्याकडं लागला होता.

मोटारीला आंब्याचे डहाळे बांधले. रतन रडत रडत येऊन बसली. आबासाहेब पुढं बसले आणि त्यांना ती दोरी दिसली.

"हे काय गबाळं? काढ ते. पाव्हणी हसतील."

"मालक, ओढा हुईपत्तूर ऱ्हाऊ द्या. मग काढतो."

आबासाहेबांनी नाक मुरडलं, पण ओढ्याचं नाव निघाल्यावर ते गप्प बसले.

ओढ्याच्या काठावर निम्मं गाव जमलं होतं. मोटार पाण्यात शिरली, चाकांनी पाणी दोन्हीकडं उडालं. चढ लागला. इंजिन धापा टाकायला लागलं. दत्तोबाचा डावा हात कासऱ्यावरून उठला, दांड्यावर गेला, ओढला. खट्. आणि हात परत कासऱ्यावर आला. मोटार एकदा गुरगुरली आणि सुतासारखी वर चढून गेली. मागं पोरं ओरडली. रतन रडता रडता हसली. दत्तोबानं मागं वळून बघितलं. सगळं गाव दिसलं, गेणबा तेवढा दिसला नाही.

निमगावच्या पानमळ्यांची गार झुळूक खात ते इंदापुरात पोचले. सर्जेरावांनी मोटारीभोवती फेरी मारली, म्हणाले, "आज मागं न्हाय का गेली?" आणि आबासाहेब या वेळी पोट धरून हसले. दत्तोबाला आतून पुरणपोळीचं ताट आलं. द्वारकाबाईंनी स्वतः तूप वाढलं. असा दिवस आयुष्यात एखादाच येतो. दोरी काढायचं मालक विसरले, तोही विसरला.

उन्हं कलल्यावर ते परत फिरले. लासुर्ण्याजवळ समोर धुळीत दोन बैल आडवे चालले होते. मागं कुणी परका माणूस, हातात काथ्याची दोरी. शिंगांच्या पितळी शेंब्या बघूनच दत्तोबाच्या पायानं ब्रेक दाबला. चंद्या आणि पाखऱ्या होते ते.

"थांबलास का? भोंगा वाजव की," आबासाहेब म्हणाले.

"मालक, आपली बैलं..."

"आपली हुती. लोणी देवकरच्या पाटलाला दिली. मोटार मार्गी लागली, आता जोडी कशाला पोसायची? त्या ओढ्याच्या दिवशीच म्या गेणबाला सांगितलं हुतं: मोटार न्हाय सुधारली तर जोडी ऱ्हाईल, सुधारली तर अखितीला जाईल. तुला बोलला न्हाय?"

दत्तोबानं नकाराची मान हलवली.

"मग काय म्हणाला तात्या?" त्यानं विचारलं.

"काय म्हणणार? बरं म्हणाला."

बैल रस्ता सोडत नव्हते. मोटारीचा वास त्यांना ठाऊक होता, ते तिच्याकडंच बघत उभे राहिले. "वाजव," आबासाहेब पुन्हा म्हणाले. दत्तोबानं भोंगा दाबला. बापाच्या बैलांवर त्यानं भोंगा वाजवला, आणि ते बिचकून कडेला झाले. मोटार त्यांच्या अंगावर धूळ उडवत पुढं गेली. त्याच्या डाव्या मुठीत निळा धागा होता. विकलेल्या बैलाबरोबर कासरा द्यायचा नाही, ही गेणबाच्या घरची रीत. म्हणून तो मागं उरला होता, आणि म्हणून सकाळी तोडता आला होता. खांद्यावर हात ठेवून कासरा सोड म्हणताना म्हाताऱ्याला हे सगळं माहीत होतं. गप्प बसला असता तर त्या मुठीखाली दांड्यानं आजही ओढ्यात दगा दिला असता कदाचित, आणि बैल दावणीला राहिले असते.

ओढा कसा आला आणि कसा गेला हे दत्तोबाला कळलंच नाही.

मालकांना उतरवून तो गोठ्याकडं गेला. दिवस मावळत होता. गोठा झाडून लख्ख केलेला, गव्हाण रिकामी, दोन्ही खुंटे मोकळे. गेणबा गव्हाणीच्या दगडावर बसला होता. उजव्या हातात काही नव्हतं. डाव्याही हातात काही नव्हतं, पण डावी मूठ गुडघ्यावर घट्ट वळलेली होती.

"चढली का?" त्यानं विचारलं.

"चढली."

"एका दमात?"

"एका दमात, तात्या."

"बरं झालं," गेणबा म्हणाला.

दत्तोबा परत मोटारीकडं गेला. चाकावरची गाठ दातानं सोडली, वेढे उलगडले, आणि तो तुकडा आणून बापाच्या मुठीत दिला. म्हाताऱ्याची बोटं आपसूक उघडली आणि त्यावर मिटली.

"आरं, मग तुला?"

"ऱ्हाईल माझा हात," दत्तोबा म्हणाला. "ऱ्हाईल मोकळा."

तो बापाशेजारी दगडावर बसला. डावा हात त्यानं मांडीवर उताणा ठेवला. घट्टा दुखत होता. अंधार पडेपर्यंत दोघं तसेच बसले, आणि दत्तोबानं मूठ वळू दिली नाही.